कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणे! सोलापूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा कागद हातात आला की घरात जो तो डॉक्टर होतो, शेंगाचटणी बंद कर, तूप सोड, रोज लसूण खा, गोळी मात्र घेऊ नको बाई, एकदा लागली की सुटत नाही. मला इथं ऐकीव नकोय, स्वतःचं किंवा घरातल्या माणसाचं खरंच काय झालं ते हवंय. आकडे असतील तर द्या. गोळीचं नाव लिहिलं तरी चालेल पण ते वाचून कुणी दुकानातून आणून घेऊ नका, शुगरवाल्याचं टार्गेट वेगळं, अँजिओप्लास्टी झालेल्याचं वेगळं.

सुरुवात मीच करते. जुळे सोलापूरला राहते, बँकेत नोकरी, वय ४९. टोटल कोलेस्टेरॉल २४८, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १६८, एचडीएल म्हणजे चांगलं ४४, आणि ट्रायग्लिसराइड, ती रक्तातली दुसरी चरबी, १८०. बीपी शुगर काही नाही. डॉक्टरांनी गोळीच्या आधी थायरॉइड बघायला लावलं, कारण थायरॉइड कमी असेल तर त्यानंच एलडीएल चढतं आणि आधी त्याचा इलाज करायचा असतो. माझं नॉर्मल निघालं. मग तीन महिने खाण्याकडं लक्ष द्या म्हणाले. चहाबरोबरची खारी, टोस्ट, बटर गेलं, दुपारी ज्वारीची भाकरी, मटकी नाहीतर हुलगे, रात्री पाण्यातून इसबगोल, आणि सकाळचं चालणं. ट्रायग्लिसराइड १८० वरून १२० वर आलं, एलडीएल मात्र १५१ वरच अडकलं. मला वाटलेलं आणखी नेट लावला तर उतरेल, पण डॉक्टरांनी नीट समजावलं की शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं यकृतच बनवतं, ताटातून येतं ते थोडं. शिवाय माझ्या वडिलांना बावन्नाव्या वर्षी अटॅक आलेला. म्हणून रोसुव्हास्टॅटिन १० सुरू केली, ही स्टॅटिन जातीची कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, पुढच्या तपासणीत एलडीएल ८२. खाणं चालणं तसंच चालू आहे, ते सोडायचा प्रश्नच नाही. आता तुम्ही लिहा.

अशोक चौक, पॉवरलूम

ताई माझं उलटं हाय. एलडीएलचा आकडाच आला नाही रिपोर्टात, लॅबवाल्यानं लिहिलं काढता येत नाही. ट्रायग्लिसराइड ४१२ आणि एचडीएल ३१. डॉक्टर म्हणले एलडीएल बऱ्याच लॅबमधी मोजत नाहीत, बाकीच्या आकड्यावरून हिशोब करून काढतात, आणि ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर गेलं की तो हिशोब चुकतो. मग शुगर बघितली तर एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ६.९ आली, म्हणजे डायबेटीस, मला पत्ताच नव्हता. आमचं तेलुगू घर, तिन्ही टायमाला भात, मागावर बारा तास उभं राहायचं आणि दर तासाला गोड चहा, रात्री मित्रांबरोबर थोडी घ्यायची पण सवय. दारू पूर्ण बंद केली, भात एकाच टायमाला, तो पण पप्पू म्हणजे डाळ आणि भाजी जास्त घेऊन, चहा बिनसाखरेचा. ड्यूटी सुटली की सिद्धेश्वर तलावाला चक्कर मारायलोय. ट्रायग्लिसराइड १९० झालं. माझं बघून कारखान्यातल्या दोघातिघांनी तपासून घेतलं. डायबेटीस हाय आणि वय चाळीसच्या वर म्हणून अॅटोरव्हास्टॅटिन पण दिलीय, ती घेतोय. तंबाखू सुटायची बाकी हाय, त्यानं पण एचडीएल खाली राहतं म्हणले.

बाळीवेस, गृहिणी

शेंगाचटणीवर सगळे आळ घेतात म्हणून लिहिते. कोलेस्टेरॉल असतं ते प्राण्यांच्या पदार्थात, दूध तूप मटण अंडं. शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसतंच, आणि त्यातलं तेलही बहुतेक चांगल्या जातीचं. फक्त शंभर ग्रॅम दाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, त्यामुळं वाटीभर खाल्ली तर वजन वाढणारच, आणि मीठ तर भरपूर. आमच्या ह्यांचं एलडीएल १४२ आलं तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी चटणी बंद केली नाही, चमचाभर घ्या म्हणाल्या पण वरून तेल ओतायचं नाही, उखळात नीट कुटली की तिचं तिचं तेल सुटतंच की ओ. मी आता एक दिवस शेंगा, एक दिवस जवस, एक दिवस कारळाची अशी चटणी ठेवते.

खरा फरक पडला तेलाच्या डब्यात. आम्ही चार माणसं आणि महिन्याला चार लिटर तेल संपायचं, कधी मोजलंच नव्हतं. त्यांनी माणशी अर्धा लिटर सांगितलं, म्हणजे दोन. पहिला महिना लई जड गेला, मुलं भाजीला तर्री नाही म्हणून रुसायची. मग गरगट्टा जास्त करायला लागले, पालेभाजी आणि डाळ एकत्र शिजवून घोटली की त्याला फोडणीपुरतंच तेल लागतं, आणि कडक भाकरी चुरून त्यात टाकली की मुलं मागून खातात. डालडा तर घरातून गेलाच, त्यातलं ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतं आणि एचडीएल कमी करतं, दोन्हीकडून नुकसान. २०२२ पासून सरकारनं ट्रान्स फॅटला दोन टक्क्यांची मर्यादा घातलीय, तरी सुट्टी मिठाई आणि बेकरीचं कशात तळलंय ते आपल्याला कुठं कळतं. रविवारी मटण होतंच आमच्यात, ते बंद नाही, पण चरबी काढून आणि महिन्यातनं दोनदा. ह्यांचं एलडीएल १४२ चं ११८ झालं, गोळी नाही अजून, सहा महिन्यांनी परत बघू म्हणालेत.

नवी पेठ, कापड दुकान

गोळी सुरू केल्यावर पोटऱ्या आणि मांड्या दुखायला लागल्या. आपल्या मनानं बंद न करता डॉक्टरांना फोन केला. स्नायूंना इजा झालीय का ते कळायला रक्तातलं सीपीके तपासलं, नॉर्मल. काही आठवडे थांबवली, मग दुसरी स्टॅटिन कमी डोसमध्ये दिली, आता काही त्रास नाही. लघवी गडद तपकिरी झाली किंवा फारच अशक्तपणा आला तर लगेच या म्हणून सांगून ठेवलंय.

रेल्वे लाईन्स, सूनबाई

सासऱ्यांना स्टेंट आहे, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवलीय. त्यांचा एलडीएल ५२ आला, टार्गेट ५५ च्या खालचं होतं, म्हणून मामंजींना वाटलं आजार बरा झाला आणि त्यांनी घरात कुणाला न सांगता गोळी सोडली. दोन महिन्यांनी दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासलं तर १४६. डॉक्टर रागावले नाहीत, फक्त म्हणाले अण्णा, तो ५२ तुमचा नव्हता, गोळीचा होता. स्टॅटिन यकृतातलं एक एन्झाइम अडवते, तिथं कोलेस्टेरॉल कमी बनलं की यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घ्यायला लागतं, आणि गोळी थांबली की काही आठवड्यांत सगळं पूर्ववत. आता मी रात्रीच्या जेवणाबरोबर गोळी ताटाशेजारी ठेवते. ज्यांच्या घरी स्टेंटवाला माणूस आहे त्यांनी एवढं बघाच, हात जोडून सांगते.

होटगी रोड

माझा गोळ्यांना विरोध आहे. केमिकल आयुष्यभर पोटात कशाला घालायचं? काका-काकू आमचे नव्वदीपर्यंत तूप खाऊन जगले.

वरच्या दादांना, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते

दादा, तुमचे काका-काकू भाग्यवान आणि अंगमेहनत करणारे असणार. पण स्टॅटिनचा शोध बुरशीतून लागलाय. जपानमध्ये अकिरा एंडो यांनी हजारो बुरश्या तपासल्या आणि १९७३ मध्ये पेनिसिलियमच्या एका जातीत पहिलं स्टॅटिन सापडलं. १९८७ साली अमेरिकेत पहिली स्टॅटिन गोळी बाजारात आली, म्हणजे लाखो लोकांनी घेऊन कित्येक वर्षं झाली. तोटे आहेतच, शुगर काठावर असेल तर थोडी वाढू शकते, गरोदरपणाचा विचार असेल तर डॉक्टरांशी बोलून गोळी थांबवतात. पण ज्याला अटॅकची जोखीम जास्त त्याच्यासाठी फायद्याचं पारडं फार जड आहे. माझी स्वतःची आई घेते म्हणून कळकळीनं लिहितेय, राग मानू नका.

विजापूर रोड, निवृत्त

चालायचं म्हटलं तर सोलापूरचा उन्हाळा. मार्चपासून पहाटे साडेपाचला संभाजी तलावाकडं निघायचं, सातच्या आत घरी, त्यानंतर ऊन टोचायला लागतं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं, आठवड्याला दीडशे मिनिटं. चालण्यानं एलडीएल फारसं हललं नाही पण ट्रायग्लिसराइड उतरलं, एचडीएल ३८ चं ४३ झालं, आणि बीपीची गोळी अर्धी झाली.

अक्कलकोट रोड

मोठं लिहितोय, वाचा कृपया. माझा मोठा भाऊ चाळिशीच्या आत गेला, रात्री छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. सडपातळ, निर्व्यसनी, पहाटे जिमला जाणारा. लोक म्हणले टेन्शन घेतलं असणार. वर्षश्राद्धाला एक नातेवाईक डॉक्टर आले होते, त्यांचं लक्ष माझ्या पायाकडं गेलं, टाचेच्या वरची शीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी दोरी, मला लहानपणापासून जाड आणि गाठीगाठीची होती, आम्हाला वाटायचं चपलेनं झालंय. ते म्हणले तिथं कोलेस्टेरॉल साठलेलं असू शकतं, आणि दुसऱ्याच दिवशी रक्त तपासायला लावलं. एलडीएल २३६. तेव्हा माझं वय २८.

एलडीएल असं वाढायचा हा घराण्यातून येणारा प्रकार जन्मतःच असतो, अडीचशे-तीनशे माणसांत एकाला. आईबापातल्या एकाला असला तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. यकृत रक्तातलं एलडीएल पुरेसं उचलतच नाही, त्यामुळं कितीही भाकरी-भाजी खाल्ली तरी आकडा वरच राहतो. मग घरातल्या सगळ्यांचं तपासलं, आईचं जास्त, बहिणीचं २१०, आणि भावाच्या दोन लेकरांतल्या थोरल्याचं पण जास्त. मला रोसुव्हास्टॅटिन आणि इझेटिमाइब दोन्ही चालू आहे, दुसरी गोळी आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही. आता ९८ आहे, अजून खाली आणायचंय. भावाचा कधी एकदा जरी रिपोर्ट काढला असता. घरात कुणी पन्नाशीच्या आत हृदयानं गेलं असेल तर वाट बघू नका, लहान मुलांसकट सगळ्यांचं रक्त तपासा.

भवानी पेठ

दादा, वाचून हात थरथरले. माझ्या भाच्याच्या टाचेला अशीच जाडी आहे, वय १९, त्याचे वडील गेलेत चाळीसला. त्याला आधी कुणाकडं न्यायचं? मोठ्या हॉस्पिटलचा खर्च आत्ता झेपणार नाही.

अक्कलकोट रोड

ताई, मोठ्या हॉस्पिटलला लगेच जायची गरज नाही. उद्या सकाळी जवळच्या लॅबमध्ये लिपिड प्रोफाइल करा, पोरगं नाश्ता करून गेलं तरी चालतं. रिपोर्ट आणि त्याचे वडील किती वर्षांचे असताना गेले ते कागदावर लिहून कुठल्याही एमडी मेडिसिनला दाखवा, टाच पण दाखवा. सिव्हिलला मेडिसिनची ओपीडी असते, तिथं पण होईल. गोळ्या जनऔषधीत फार स्वस्त मिळतात, माझ्या तिथल्याच आहेत. आणि त्याच्या भावंडांना सोबत घेऊन जा.