प्रकल्पाच्या सादरीकरणाला गुण देताना भाषेची सफाई बाजूला कशी ठेवावी?

प्रश्न (अध्यापिका, बेळगाव)
आमचे बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आपल्या प्रकल्पाविषयी दहा मिनिटे बोलतात आणि मग तीन परीक्षक प्रश्न विचारतात. यंदा एका विद्यार्थिनीने बळ्ळारी नाल्याकाठच्या शिवारातील सहा विहिरींच्या पाण्याचा सामू (पीएच) आणि विद्युतवाहकता जून ते ऑगस्ट मोजली होती. तिचे शालेय शिक्षण मराठीतून झालेले, सादरीकरण मात्र इंग्रजीतूनच करण्याची अट; त्यामुळे ती सुरुवातीलाच अडखळली आणि पुढे स्लाइडवरचा मजकूर नुसता वाचत राहिली. तिच्यानंतरचा मुलगा सफाईने बोलला, परंतु त्याच्या आलेखाच्या अक्षांवर एककेच नव्हती आणि त्याबद्दल आम्ही कोणीही विचारले नाही. वीसपैकी तिला ९, ११ आणि १६ गुण पडले. त्याला तिघांनीही १६ च्या वर दिले. सरासरी काढून आम्ही मोकळे झालो, पण मला ते पटलेले नाही.

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, निपाणी)
माणसाच्या एका वैशिष्ट्याची छाप त्याच्या इतर वैशिष्ट्यांच्या मोजमापावर पडते, हे मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेल्या गुणांवरून दाखवले होते. तेव्हा वीस गुण एकरकमी देऊ नका. पद्धतीला ८, निष्कर्षाला ५, प्रश्नोत्तरांना ५ आणि मांडणीला २ असे भाग पाडावेत आणि आपसांत चर्चा होण्यापूर्वीच प्रत्येकाने आकडे शाईने लिहावेत. मांडणीला दोनच गुण का, अशी तक्रार दरवर्षी येते; ती मी शांतपणे ऐकून घेत असे.

उत्तर २ (अध्यापक, खानापूर)
सरांच्या रकान्यांना माझा विरोध नाही, पण छाप प्रत्येक रकान्यात झिरपते. खरी परीक्षा प्रश्नांतच होते, म्हणून स्लाइडवर नसलेले विचारावे आणि उत्तर मराठीत किंवा कन्नडमध्ये देण्याची मुभा द्यावी. आमच्या एका विद्यार्थ्याने इथल्या मातीच्या आकुंचनावर काम केले होते: ओल्या वडीवर दहा सेंटिमीटरची रेघ ओढायची, ती वाळल्यावर मोजायची आणि भाजल्यावर पुन्हा मोजायची. एक वडी तक्त्यातून का गळली, असे विचारताच त्याने खिशातून तिचे दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले आणि भेग कोणत्या कडेपासून सुरू झाली ते बोटाने दाखवले. तोपर्यंत तो धड चार वाक्येही बोलला नव्हता.

प्रश्नकर्ती
हे वाचून आठवले. जुलैत चौथ्या विहिरीची नोंद का नाही, असे आमच्यातील एकाच परीक्षकांनी तिला विचारले होते. ती मराठीत म्हणाली, "सर, तेव्हा नाल्याचं पाणी विहिरीत शिरलं होतं. मोजलं असतं तर ते नाल्याचं मोजमाप झालं असतं." सोळा गुण त्यांचेच होते. बाकी आम्ही दोघे तेव्हा पुढच्या मुलाची फाइल चाळत होतो.