निशिगंध सोसायटी (सर्व सभासद) : आजही पहाटे तेच

शनिवार, १७ जानेवारी

[६:०४] गोखले, बी-३०१: सुप्रभात. आज पुन्हा पहाटे ५:२० ते ५:३५ बी विंगच्या तळमजल्यावर, लिफ्टपाशी, भुंकणं. या आठवड्यातली तिसरी वेळ. डिसेंबरच्या मीटिंगमध्ये काय ठरलं ते सर्वांना आठवत असेलच. मी नाव घेत नाही.

[६:०६] रोहन, बी-५०३: काका, विंगमध्ये कुत्री एकच आहे. नाव बुंदी 😄

[६:०८] देशपांडे, बी-२०२: बी विंग लिफ्टच्या बाहेरच्या दाराला शॉक बसतो. तळमजला. कृपया लक्ष द्यावे.

[६:३१] सायली कदम, बी-६०४: सॉरी गोखले काका. खाली जाताना ती गप्प जाते. वर येताना मात्र लिफ्टच्या दारात अडून बसते, ओढलं की भुंकते. उद्यापासून जिन्यानं आणते.

[६:३४] शिंदे वहिनी, बी-४०२: अगं सायली, मुकं जनावर उगाच नाही भुंकत. आकडी यायच्या आधी माणसाच्या अंगातला करंट वाढतो, तो कुत्र्याला बरोबर जाणवतो. अथर्व बरा आहे ना?

[६:३५] सायली कदम, बी-६०४: वहिनी, तो बरा आहे. हे ग्रुपवर नको, प्लीज.

[६:३६] शिंदे वहिनी, बी-४०२: काळजीनं विचारलं हो. तांब्याची अंगठी घाला म्हणावं, करंट ओढून घेते.

[६:४०] रोहन, बी-५०३: म्हणजे करंट देशपांडे काकांच्याच अंगात आहे. दार बिचारं निर्दोष!

[७:१५] डॉ. रानडे, ए-४०१: वहिनी, अंगात करंट वाढून फिट येत नाही. मेंदूची प्रत्येक पेशी विजेवरच चालते, आत-बाहेर साधारण ७० मिलिव्होल्टचा फरक असतो, तुमच्या-माझ्याही. एरवी पेशी आपापल्या तालात असतात, मंडईतल्या गलक्यासारख्या. फिटमध्ये त्यातला एक मोठा गट एकदम, एकाच ठेक्यात सुटतो. वीज वाढत नाही, ठेका जुळतो. कवटीवरून ती मोजली तर नेहमीचा आकडा १० ते १०० मायक्रोव्होल्ट. पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, म्हणजे ५० मायक्रोव्होल्टच्या तीस हजार पट. अंगठी काय ओढणार त्यातून?

[७:१८] डॉ. रानडे, ए-४०१: आणि कुत्र्याला ती जाणवते हेही नाही. ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूची वीज मोजण्याची चाचणी, काढताना केस शाम्पूने धुऊन, तेल न लावता यावं लागतं. टेक्निशियन कातडी हलकी घासतो, पेस्ट लावतो, प्रत्येक इलेक्ट्रोडचा अडथळा ५ किलोओहमच्या खाली आणतो. एवढं करून शेजारी मोबाइलचा चार्जर लावला की घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण सगळा कागद भरून टाकते. मग दोन हात लांब बसलेल्या कुत्र्यानं हवेतून ईईजी वाचायचा?

[७:२०] शिंदे वहिनी, बी-४०२: विज्ञानाला सगळंच कळतं असं नाही डॉक्टर.

[७:२२] डॉ. रानडे, ए-४०१: खरंय. १९२४ साली जर्मनीत येना इथे माणसाचा पहिला ईईजी काढणारे हान्स बेर्गर टेलिपथीचाच माग काढत निघाले होते. टेलिपथी राहिली, ईईजी सापडला.

[७:२५] देशपांडे, बी-२०२: बी विंग लिफ्टच्या बाहेरच्या दाराला शॉक बसतो. तळमजला. कृपया लक्ष द्यावे.

[७:३३] कुलकर्णी, सी-५०१: देशपांडे, जानेवारीची कोरडी हवा आहे. लोकरीचा किंवा सिंथेटिक स्वेटर, रबरी सोल, चालता चालता अंगावर चार-पाच हजार व्होल्ट सहज साठतात. धातूला हात लावला की टिक. साठवण जेमतेम १०० पिकोफॅरडची, म्हणून जीव जात नाही. दाराला आधी हातातली किल्ली टेकवा, ठिणगी किल्लीवर उडेल, बोटाला कळणार नाही.

[७:३४] शिंदे वहिनी, बी-४०२: बघा! अंगात करंट असतोच.

[७:३५] कुलकर्णी, सी-५०१: 🙏

[८:०२] नीलेश पवार, बी-१०२: कुत्र्यांबद्दल थोडं. कळत असेल तर वासानं. २०१९ मध्ये फ्रान्सच्या रेन विद्यापीठाच्या संशोधकांनी ५ शिकवलेल्या कुत्र्यांपुढे स्टीलचे ७ डबे ठेवले. एकात फिटच्या वेळचा श्वास आणि घाम, दोनांत व्यायामानंतरचा, चारांत नुसता बसल्यावेळचा. तीन कुत्र्यांनी एकदाही चूक केली नाही. उरलेल्या दोघांनी फिटचा डबा ६७ टक्के वेळा ओळखला. नमुने पाच वेगवेगळ्या पेशंटचे, तरी वास सामाईक निघाला. व्यायामाचे डबे मुद्दाम ठेवले होते, नाहीतर कुत्रा नुसता घाम ओळखतोय असं कोणीही म्हटलं असतं.

[८:०४] गोखले, बी-३०१: उत्तम माहिती. पण ५:२० चं काय?

[८:०६] डॉ. रानडे, ए-४०१: नीलेश, तो वास फिट चालू असतानाचा किंवा लगेच नंतरचा. 'आधी कळतं' हे त्यातून सिद्ध होत नाही, हेही लिहा.

[८:११] नीलेश पवार, बी-१०२: बरोबर. आधीचा इशारा हा वेगळा दावा आहे. १९९९ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या गटानं शिकवलेल्या कुत्र्यांबद्दल १५ ते ४५ मिनिटं आधी इशारा मिळतो असं लिहिलं. पुढे काही कुत्र्यांचे मालक व्हिडिओ-ईईजीखाली ठेवून पाहिले, तेव्हा कुत्रे चुकले, आणि काही मालकांच्या फिट मुळात अपस्माराच्या नव्हत्याच. म्हणून मी कुणालाही 'इशारा देणारा कुत्रा' म्हणून पिल्लू विकत घ्या असं सांगत नाही. फिट आल्यावर काय करायचं ते मात्र नीट शिकवता येतं: शेजारी पडून राहणं, घरातल्यांना उठवणं, बेल वाजवणं. वायरलेस बेलचं मोठं बटण जमिनीपासून दीड फुटावर, नाकानं दाबता येईल असं. बॅटरी दर सहा महिन्यांनी बदलायची, हे सगळे विसरतात आणि मग कुत्र्याला नावं ठेवतात.

[८:१३] रोहन, बी-५०३: कुत्र्यांना चुंबकत्व कळतं हे तरी खरं का? शी करताना उत्तर-दक्षिण उभे राहतात म्हणे.

[८:१५] नीलेश पवार, बी-१०२: ७० कुत्रे, १,८९३ वेळा मोजलं. २०१३ चा पेपर. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असतानाच तसं दिसलं. पुढच्या वर्षी त्याला इग नोबेल मिळालं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस.

[८:१६] गोखले, बी-३०१: आमच्या पार्किंगमध्ये पूर्व-पश्चिमही असते. उचलत कुणी नाही.

[८:१७] सायली कदम, बी-६०४: काका, मी रोज पिशवी घेऊन जाते. पार्किंगमधलं बाहेरच्या कुत्र्यांचं असतं. सीसीटीव्ही बघा.

[८:१८] गोखले, बी-३०१: मी कुणाचं नाव घेतलं नाही.

[८:२०] शिंदे वहिनी, बी-४०२: तोंडाला जाळी बांधा, सगळे प्रश्न मिटतील.

[८:२४] जाधव (सेक्रेटरी): सर्वांना नमस्कार. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचनेप्रमाणे सोसायटी पाळीव प्राण्यांना लिफ्ट बंद करू शकत नाही, जाळीची सक्तीही करू शकत नाही. पट्टा हवा. पुणे मनपाचा परवाना कदमांनी ऑफिसात दाखवला आहे. भाषा जपावी.

[८:२६] देशपांडे, बी-२०२: बी विंग लिफ्टच्या बाहेरच्या दाराला शॉक बसतो. तळमजला. कृपया लक्ष द्यावे.

[८:२७] रोहन, बी-५०३: काका, किल्ली!

[८:४०] नीलेश पवार, बी-१०२: सायली, एक वही कर. चार रकाने: भुंकण्याची वेळ, नेमकं काय केलं (टक लावली, पंजा मारला, हात चाटला, येरझाऱ्या), फिटची वेळ, आणि चौथा 'फिट आली नाही'. नोंद भुंकली त्या क्षणी करायची. फिट आल्यावर मागे जाऊन लिहिलं की जुळलेलंच आठवतं, वाया गेलेलं भुंकणं कुणी मोजत नाही. आणि भुंकल्यावर चिकनचा तुकडा देऊ नकोस. आठ दिवसांत ती 'भुंकलं की चिकन' एवढंच शिकेल, आणि तिकडे माणूस प्रत्येक भुंकण्याला घाबरून बसेल. बक्षीस फिटच्या वेळी शेजारी राहिल्याचं.

[८:४४] सायली कदम, बी-६०४: वही आहे. लिफ्टपाशी भुंकली त्या तिन्ही दिवशी चौथा रकाना.

[८:४५] शिंदे वहिनी, बी-४०२: तरी वॉचमनकडे एक कांदा ठेवाच. नाहीतर चप्पल हुंगवायची. लगेच शुद्ध येते.

[८:५५] डॉ. रानडे, ए-४०१: वहिनी, बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. तेवढ्यात कुणीतरी कांदा शोधून आणतो आणि श्रेय कांदा घेतो.

[८:५८] डॉ. रानडे, ए-४०१: वॉचमनच्या केबिनमध्ये हे चिकटवा. आधी घड्याळ बघायचं. डोक्याखाली घडी केलेला टॉवेल किंवा शर्ट, चष्मा काढायचा, कॉलर सैल. हात-पाय दाबून धरायचे नाहीत, खांदा निखळतो. तोंडात चमचा, किल्ली, बोट काहीही नाही, जीभ गिळली जात नाही, दात मात्र तुटतात. झटके ओसरले की कुशीवर, लाळ बाहेर येऊ द्यायची. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीसुद्धा नाही. ५ मिनिटं उलटली, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर १०८. नाकातल्या मिडाझोलमचे (फिट थांबवणारं औषध) किती पफ हे वजनावर असतं, ते डॉक्टरांनी ठरवून बाटलीवर लिहिलेलं असावं, एक्स्पायरीही बघावी. लिफ्टमध्ये झालं तर अर्धं बाहेर ओढू नका. एकानं दार अडवून धरायचं, दुसऱ्यानं आतच कुशीवर वळवायचं.

[९:०१] शिंदे वहिनी, बी-४०२: हे सगळं ठीक. पण उद्या लग्नाच्या वेळी असल्या गोष्टी

[९:०१] हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

[९:०३] सायली कदम, बी-६०४: वाचला वहिनी.

[९:०६] जाधव (सेक्रेटरी): विवाह कायद्यातून अपस्माराचा मुद्दा १९९९ मध्येच काढला आहे. आपणही काढू. पुढचा विषय, २६ जानेवारीचा कार्यक्रम. रोहन, लाइट ठरले?

[९:१०] रोहन, बी-५०३: हो, चार एलईडी पार (रंगीत झोतांचे लाइट) आणि एक स्ट्रोब (झपझप उघडझाप करणारा).

[९:१४] डॉ. रानडे, ए-४०१: स्ट्रोब नको. अपस्माराच्या शंभरातल्या साधारण तिघांनाच उघडझापेनं फिट येते, पण मुलांत प्रमाण जास्त, आणि आपल्याला ते आहे हे बऱ्याच जणांना त्या दिवशीच कळतं. सेकंदाला ३ ते ३० उघडझापा धोक्याच्या, १५ ते २५ सर्वांत वाईट. लावायचाच तर सेकंदाला दोनच्या वर नको. आणि समोर आलाच तर दोन्ही डोळे मिटू नयेत, पापणीतून लाल उजेड आत जातो. एका तळव्यानं एक डोळा पूर्ण झाकून तोंड फिरवायचं.

[९:१६] रोहन, बी-५०३: स्ट्रोब कॅन्सल. पण जागरण चालेल ना?

[९:१७] डॉ. रानडे, ए-४०१: जागरण आणि चुकलेली गोळी, फिटची सर्वांत नेहमीची कारणं हीच. ज्याला लागू आहे त्यानं दहाला घरी जावं.

[९:२०] देशपांडे, बी-२०२: बी विंग लिफ्टच्या बाहेरच्या दाराला शॉक बसतो. तळमजला. पहाटे फुलं घेऊन परत येताना. चप्पल पूजेच्या फुलांमुळे घालत नाही. स्वेटरही नसतो, सोवळं असतं. कृपया लक्ष द्यावे.

[९:२१] रोहन, बी-५०३: काका आता सोवळ्याला किल्ली कुठं लटकवणार 😂

[९:२८] कुलकर्णी, सी-५०१: थांबा. देशपांडे, तुम्ही अनवाणी असता?

[९:२९] देशपांडे, बी-२०२: बावीस वर्षं.

[९:३०] कुलकर्णी, सी-५०१: टिक करून एकदाच लागतो, की हात ठेवला की मुंग्या येतच राहतात?

[९:३१] देशपांडे, बी-२०२: मुंग्या. हात काढेपर्यंत. लादी ओली असली की जास्त.

[९:३३] कुलकर्णी, सी-५०१: मग मी चुकलो. ओल्या लादीवर अनवाणी माणसाच्या अंगावर स्टॅटिक साठतच नाही, पायातून उतरून जातं. हे लीकेज आहे, वायरीतली वीज दारात उतरतेय. जाधव, तळमजला कधी धुतात?

[९:३४] जाधव (सेक्रेटरी): पहाटे पाचला.

[९:३६] नीलेश पवार, बी-१०२: आणि बुंदी ५:२० ला ओल्या पायांनी वर यायला बघते! जाताना सहाव्या मजल्यावर कोरडी लादी, म्हणून गप्प. सायलीच्या पायात रबरी चप्पल, तिला काहीच लागणार नाही.

[९:३७] सायली कदम, बी-६०४: आणि मी तिला पट्टा धरून ओढत होते.

[९:३८] कुलकर्णी, सी-५०१: दाराला कुणी हात लावू नका. वॉचमनला खुर्ची आडवी टाकायला सांगा. मीटर घेऊन येतो.

[१०:१२] कुलकर्णी, सी-५०१: दाराची चौकट ते अर्थ: ८२ व्होल्ट. नुसत्या डिजिटल मीटरवर भरवसा नको, तो हवेतलं भूतही, म्हणजे जोर नसलेले नुसते व्होल्टही, दाखवतो. म्हणून मध्ये १५ वॅटचा झिरो बल्ब जोडून पुन्हा मोजलं, ७१. भूत असतं तर शून्याजवळ आलं असतं. ओल्या जागी २५ च्या वर नको. दाराच्या कुलपाच्या वायरीचं इन्शुलेशन खालच्या बाजूला सोललंय आणि चौकटीच्या अर्थिंगच्या पट्टीचा बोल्ट धुण्याच्या पाण्यानं गंजून सुटलाय. अर्थच नाही, तर ब्रेकर पडणार कशानं? मेन स्विच बंद करून कुलूप घातलंय, चावी माझ्याकडे. देखभालवाल्यांना फोन केला, दुपारी येतात. दुरुस्तीनंतर अर्थचा अडथळा मोजून आकडा लिहून द्यायला सांगा, नुसतं 'ओके' नको. लादी धुताना दारावर पाइप मारणं आजपासून बंद.

[१०:१४] गोखले, बी-३०१: म्हणजे लिफ्ट दुपारपर्यंत नाही? मला अकराला बँकेत जायचंय.

[१०:१५] रोहन, बी-५०३: काका, बुंदीपण जिन्यानंच जातेय.

[१०:१९] गोखले, बी-३०१: सायली, सकाळच्या मेसेजमधलं 'भुंकणं' कुत्रीबद्दल होतं. तुझ्याबद्दल नव्हे.

[१०:२१] सायली कदम, बी-६०४: कळलं काका. वहीत चौथ्या रकान्यापुढे 'लिफ्ट' असं लिहिलंय.

[१०:२४] शिंदे वहिनी, बी-४०२: मी सकाळीच म्हटलं होतं, तिला करंट जाणवतो.

[१०:२५] कुलकर्णी, सी-५०१: 🙏

[१०:४०] देशपांडे, बी-२०२: आभारी आहे. ए विंगच्या लिफ्टच्या दाराचंही अर्थिंग तपासावे. तळमजला. कृपया लक्ष द्यावे.

[११:३०] देशपांडे, बी-२०२: ए विंगच्या लिफ्टच्या दाराचंही अर्थिंग तपासावे. तळमजला. कृपया लक्ष द्यावे.