लॅबचं लॉगिन साडेपाचला बंद करायचं होतं, सकाळीच बंद होऊन राहिलं

लॅबवाला_वणी:
नमस्कार मंडळी, तालुक्याच्या कॉलेजात लॅब पाहतो, १२ मशीन, सगळ्यांवर उबंटू २२.०४ (विंडोजच्या जागी लिनक्स). पोट्ट्यांचे खाते बीसीए०१ ते बीसीए६०, कोणी कुठंही बसते. वरून ऑर्डर आली की पोरांचं लॉगिन साडेदहा ते साडेपाच, मास्तर लोकांना मोकळं. पॅम-टाइम लावलं, म्हणजे लॉगिनला वेळेचं बंधन घालणारं लिनक्सचं मॉड्यूल. पहिले त्याच्या नियमांच्या फाईलीत, टाइम डॉट कॉन्फमध्ये, सर्व्हिस म्हणून नुसतं लॉगिन लिहिलं तं काळ्या स्क्रीनवर अडवे अन् ग्राफिकलवर सगळे आत, मग जीडीएम-पासवर्ड (ग्राफिकल लॉगिनची सर्व्हिस) लिहिलं, पॅमच्या त्याच नावाच्या फाईलीत अकाउंटची ओळ टाकली तेव्हा कुठं जमलं. आता दोन तक्रारी. जे साडेपाचच्या आधी आत घुसले ते सहा वाजले तरी बसूनच असतात. अन् काल सकाळी तीन मशीनवर एकही पोट्टं लॉगिन होईना, माहं होते. काहून?

टर्मिनलभाऊ:
पहिलं सोपं आहे. पॅम-टाइम म्हणजे गेटवरचा चौकीदार, आत येताना वेळ पाहते, आत बसलेल्याला उठवत नाही. त्याच्यासाठी रूटच्या (मुख्य खात्याच्या) क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीत, १७:३० ला एक स्क्रिप्ट ठेवा, बीसीएवाल्या प्रत्येक खात्यावर लॉगिन-सीटीएलचं टर्मिनेट-युजर (खात्याला बाहेर काढणारी कमांड) चालवायची. सेव्ह न केलेलं सगळं जाईल, म्हणून सव्वापाचला तोंडानंच सांगा, सगळ्यांना सूचना धाडणाऱ्या वॉल कमांडचा मेसेज ग्राफिकलवाल्याला दिसेलच याची गॅरंटी नाही. अन् एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन) चालू असेल तर तिथंही तीच ओळ टाका, नाहीतर पोरं बाजूच्या मशीनवरून येतील. आमच्या इथं आले होते.
दुसऱ्याचं सांगा, त्या तीन मशीनच्या लॉगिन स्क्रीनवर घड्याळ किती वाजले दाखवत होतं?

कापूस_ते_कर्नल:
साडेपाच काहून पण? आमच्याकडे खेड्यावरच्या पोरांची शेवटची एसटी सव्वासहाची, तोवर ते बिचारे स्टँडवर उन्हात बसतात त्यापेक्षा लॅबमध्ये बसले तं काय बिघडते. नियमात १८००, म्हणजे सहा, करून पाहा म्हणावं साहेबांना. बाकी रविवार बंद ठेवायचा असेल तर दिवसाच्या जागी एएल (सगळे दिवस) लिहून पुढं एसयू (रविवार) जोडा, एकच दिवस दोनदा आला की तो वजा होते.

लॅबवाला_वणी:
बाप्पा! आत्ता जाऊन पाहिलं, सकाळचे अकरा वाजले अन् मशीन म्हणते संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं, तारीख कालची. शिपाई सहाला मेन स्विच पाडते. नेट चार दिवसांपासून बंद, नाल्या खोदताना केबल तोडली कोणीतरी.

टर्मिनलभाऊ:
मग तेच. मदरबोर्डचा सेल मेला. टाइमसिंक (नेटवरून घड्याळ जुळवणारी सर्व्हिस) शेवटची वेळ फाईलीत जपून ठेवते, सुरू होताना सेलवालं घड्याळ त्याच्याही मागचं दिसलं की तिथूनच पुढं मोजते. नेट असतं तर एका मिनिटात सुधरलं असतं. सीआर २०३२ चे सेल आणा, घड्याळवाल्याकडे भेटतात. नेटचा भरवसा नसेल तर चांगल्या सेलच्या एका मशीनवर क्रोनी (घड्याळं जुळवायचा प्रोग्राम) बसवून तिला बाकीच्यांची घड्याळवाली करा, त्याच्या फाईलीत लोकल स्ट्रॅटम १० (नेट नसलं तरी वेळ देत राहा) अन् अलाऊची (बाकीच्यांना वेळ विचारू द्या) ओळ विसरू नका.

लॅबवाला_वणी:
तिन्हीत सेल टाकले, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) हातातल्या घड्याळावरून वेळ भरली, सकाळी सगळे झकास बसले. अन् दुपारी बारा वाजता त्या तीनच मशीनवर परत बंद! जे जेवायला उठून गेले त्यांना आत येताच येईना, बसलेल्यांना तं स्क्रिप्टनंच बाहेर फेकलं. सगळे माह्यावर हसून राहिले.

कापूस_ते_कर्नल:
बारा म्हणजे बाराच ना? बारात साडेपाच तास मिळवा. उबंटू बायोसचं घड्याळ यूटीसी (जागतिक वेळ, आपल्या साडेपाच तास मागं) समजते, तुम्ही भारतातली वेळ भरली. बायोसला हात नका लावू, उबंटूतच डेट कमांडनं वेळ बसवा अन् मग एचडब्ल्यूक्लॉकचं सिस्टोएचसी चालवा, ते उबंटूची वेळ सेलवाल्या घड्याळात लिहिते.

लॅबवाला_वणी:
जमलं भाऊ. १८०० चा अर्ज पण दिला आहे साहेबांकडे, एसटीच्या टाइमटेबलचा फोटो जोडून.