उंदरांचा डोस आणि आपली गोळी

फ्लुओक्सेटिनने, म्हणजे नैराश्यावरच्या एका औषधाने, उंदरांचं टेस्टोस्टेरॉन घटतं हे वाचून नवऱ्याची ही गोळी बंद करू का, असं एका ताईंनी विचारलंय. ताई, परस्पर बंद करू नका.

पुण्यातल्या एका फार्मसी कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये मी काम केलंय. उंदराचं अधिवृषण (वृषणाला लागून असलेली, शुक्राणू साठवणारी नळी) कोमट सलाइनमध्ये चिरायचं, थेंबभर द्रव काचेवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका चौकोनातले शुक्राणू मोजायचे. मोजून मोजून डोळ्यांना पाणी यायचं. फ्लुओक्सेटिनच्या अशा बऱ्याच प्रयोगांत शुक्राणू आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही कमी झालेले दिसले आहेत, हे खरंच आहे. त्याचा एक मार्ग असा: या गोळीने मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढतं, ते वाढलं की प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढू शकतं, त्याने मेंदूकडून येणारा एलएच या संप्रेरकाचा इशारा मंदावतो आणि वृषणातल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन कमी बनवतात.

पण डोस बघा. मोठ्या उंदराला (रॅटला) बहुतेकदा किलोमागे १० मिलिग्रॅम देतात. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने ६० किलोच्या माणसाला ते जवळपास १०० मिलिग्रॅम होतात. आपल्याकडे सुरुवात साधारण २० मिलिग्रॅमने होते. अर्थात, माणसाला काहीच होत नाही असंही नाही. कामेच्छा कमी होणं तर नेहमीचंच, आणि ते डॉक्टरांना मोकळेपणी सांगावं.

परस्पर बंद करू नका म्हणते त्याचं कारण: माझ्या भाच्याने पॅरोक्सेटिन, याच गटातलं औषध, एकदम सोडलं. चौथ्या दिवशी डोक्यात झटके बसल्यासारखं होऊन तो कर्वे रोडच्या दुभाजकावरच बसला होता.

मूल हवं असेल तर वीर्यतपासणी करून घ्या. औषध बदललं, तर पुढची तपासणी तीन महिन्यांनी, कारण शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे ७४ दिवस लागतात.