प्रतिसाद: दांड्या पूर्ण, पण पान उघडेना
रेल्वे स्टेशनवर फुकट वायफायच्या पूर्ण दांड्या दिसूनही पान का उघडत नाही, असं वर विचारलंय. दांड्या फक्त तुमचा फोन आणि छताला टांगलेला वायफायचा डबा यांच्यातला सिग्नल दाखवतात. त्या डब्यामागचं इंटरनेटचं फाटक तेव्हा बंदच असतं. फोनला आयपी पत्ता (नेटवर्कवरची त्याची ओळख) मिळतो, पण ओटीपी टाकेपर्यंत बाहेर जाऊ देत नाहीत. काहीही मागा, गेटवे (म्हणजे ते फाटक सांभाळणारं यंत्र) लॉगिनच्या पानाकडे वळवतो.

गोची अशी की ही वळवावळवी साध्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपी पानांवरच नीट चालते. एचटीटीपीएस म्हणजे कुलूपबंद साइट असली की ब्राउझर सर्टिफिकेट (साइटचं ओळखपत्र) जुळत नाही म्हणून बोंब मारतो, नाहीतर नुसता गोल फिरत बसतो. म्हणून जोडणी होताच फोन स्वतःच एक ठरलेला पत्ता तपासतो आणि भलतंच उत्तर आलं की 'साइन इन करा' अशी सूचना देतो. ती चुकून सारली गेली असेल तर ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम ही साधी एचटीटीपी साइट उघडा, म्हणजे लॉगिनचं पान येईल. व्हीपीएन (सगळी वाहतूक झाकून नेणारं अ‍ॅप) आणि प्रायव्हेट डीएनएस (साइटचे पत्ते गुपचूप शोधणारी फोनमधली सेटिंग) तेवढ्यापुरते बंद ठेवा (लॉगिन झाल्यावर व्हीपीएन आठवणीने चालू करा).

गूगल गेल्यावर ही स्टेशनवरची वायफाय सेवा बंद पडली असं काहीजण समजतात, ते मात्र खरं नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून गूगल आणि रेलटेल या रेल्वेच्या दूरसंचार कंपनीने सुरुवात केली. २०२० मध्ये गूगलने अंग काढून घेतलं, रेलटेल अजून चालवतेय. शिवाय डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी या केंद्र सरकारच्या सार्वजनिक वायफाय योजनेत किराणा दुकानदारालाही परवाना न घेता हॉटस्पॉट लावता येतो.