मदत हवी आहे: रील 61 हजार लोकांनी पाहिली, कचऱ्याची बादली होती तशीच

नमस्कार मंडळी,

कोथरूडला राहते. सोसायटीत 84 फ्लॅट, कमिटीत माझं दुसरं वर्ष. विषय सॅनिटरी पॅडचा आहे, 'असलं इथे कशाला' वाटत असेल त्यांनी पुढच्या धाग्यावर जावं.

आमचा कचरा 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या मावशी नेतात. रोज पावणेआठला पार्किंगच्या कोपऱ्यात बसून निवडतात. सुक्याच्या पिशवीत चिप्सची पाकिटं, कुरिअरचे खोके आणि मध्येच उघडा पॅड. "कागदात बांधा ताई, एवढंच. नंतर डबा खाताना हाताचा वास जात नाही," त्या एकदा म्हणाल्या. पॅड-डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे पुडी न उघडता बाजूला काढता येते, ही 'स्वच्छ'चीच रेड डॉट मोहीम. नीट गुंडाळून द्यायचं हे 2016 च्या घनकचरा नियमांतही लिहिलं होतं. नवीन काहीच नाही.

आधी मी लिफ्टसाठी एक खास पुणेरी पाटी लिहिली. तिचा फोटो इतका फिरला की नागपूरच्या नणंदेने मलाच 'बघ तुमचं पुणं' म्हणून पाठवला. लोक हसले, पॅड उघडेच आले.

मग लेकीने रील केली. मावशी निवडतायत, मागे करुण संगीत. त्यांना विचारलं होतं, "करा की" म्हणाल्या. चार दिवसांत 61 हजार व्ह्यूज, खाली रडक्या इमोजींचा पाऊस. ग्रुपवर मात्र एका काकांनी सोसायटीची बदनामी केल्याबद्दल खुलासा मागितला. तेही चाललं असतं. पण पाचव्या दिवशी मावशी तोंडाला पदर बांधून आल्या. त्यांच्या भाचीच्या सासरी कुणीतरी तो व्हिडिओ दाखवला होता. मला म्हणाल्या, "तुम्ही इचारलंत, पण एवढी लोकं बघतील असं कुठं सांगितलंत?"

यावर मला काही बोलता आलं नाही. अजूनही येत नाहीये.

तर: रील काढावी का? लेक म्हणते रीच चांगली आहे, आत्ता काढू नको. आणि मोबाइलवरून असं काय करता येईल की पाहणारे नाही वाढले तरी चालतील, पण पार्किंगमधली बादली बदलेल?

प्रतिसाद 1:
रील आजच काढा. लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रती राहतीलच, दिसतील तिथे रिपोर्ट करा. आणि मावशींना तुम्ही स्वतः सांगा, लेकीला पाठवू नका. त्यांनी चित्रीकरणाला हो म्हटलं होतं, जगभर दाखवायला नव्हे. आम्ही आता कुणाचाही व्हिडिओ टाकण्याआधी त्यांना तो आमच्या फोनवर दाखवतो, 'हे तुमच्या गावातही दिसेल' असं स्पष्ट सांगतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो. निम्मे जण दुसऱ्या दिवशी नको म्हणतात.

प्रतिसाद 2:
तुमच्या ग्रुपवर नक्की कोण आहे? आमच्याकडे फक्त मालक होते, त्यातले निम्मे बाणेर नाहीतर अमेरिकेतल्या बे एरियात. कचरा खाली ठेवणारे भाडेकरू, शेअरिंगवाल्या मुली आणि कामाच्या ताई, त्यातलं कुणीच ग्रुपवर नाही. तुमच्या पाटीवर नागपूर हसलं, बी विंगपर्यंत ती पोचलीच नाही. आधी भाडेकरूंचे नंबर मिळवा, एकेकाला वैयक्तिक पाठवा. व्हिडिओ वीस सेकंदांचा, फक्त दोन हात, पॅड, सकाळचा पेपर आणि लाल पेन. चेहरा नाही, संगीत नाही. ज्यांना वाचायचा कंटाळा त्यांच्यासाठी व्हॉइस नोट. आणि पिशव्यांचे फोटो टाकून कुणाला पकडायला जाऊ नका. कुरिअरच्या खोक्यावर नाव-पत्ता असतो, नसतं भांडण लागेल.

प्रतिसाद 3:
ग्रुपवर 'ते' आणि 'लेडीज कचरा' असं लिहिता का? आमच्याकडे सेक्रेटरींनी वर्षभर 'तसल्या वस्तू' लिहिलं. अर्ध्या लोकांना वाटलं दारूच्या बाटल्या.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी):
रील त्याच रात्री काढली. मावशींकडे गेले, त्यांनी चहा पाजला, पदराचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही नाही.

मालकांच्या ग्रुपवर 71 जण निघाले, त्यातले इथे राहणारे 38. भाडेकरूंचे नंबर वॉचमनकाकांच्या वहीत होते! हातांचा व्हिडिओ सगळ्यांना एकेक करून पाठवला, शब्द स्पष्ट 'सॅनिटरी पॅड'. मावशी रोज ठिपकेवाल्या पुड्या मोजून सांगतात, मी रविवारी ग्रुपवर फक्त आकडा टाकते. पहिला आठवडा 4, दुसरा 11, परवाचा 19. उघडे अजून येतात, बहुतेक ए विंगमधून. खुलासा मागणारे काका आता दर रविवारी विचारतात, "आज स्कोअर काय?"

बी विंगच्या मुलींकडे लाल पेन नव्हतं, त्या लाल टिकली चिकटवतात. मावशींना ते फार आवडलंय. व्हॉइस नोट मात्र त्या करायला तयार नाहीत, "माझा आवाज लगेच वळखतील" म्हणाल्या, म्हणून मीच केली.

आता अडकलंय ते डायपरवर. एका घरात जुळी आहेत आणि पेपर येतच नाही. रद्दी कुणाकडून मिळवायची, की दुसरं काही चालेल? कुणी केलं असेल तर सांगा.