मदत हवी आहे: गाण्यातलं 'च्यायला' ठेवावं की काढावं?

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेतल्या एका छोट्या सभागृहात आमच्या बँडचा कार्यक्रम आहे. लक्ष्मी रोडच्या ट्रॅफिकवरच्या आमच्या गाण्यात ध्रुवपदातच 'च्यायला' येतं. कॉलेजात त्यावर शिट्ट्या पडतात. इथे पुढच्या रांगेत आजी-आजोबा आणि शाळकरी पोरं असणार. तालमीत 'अरेरे' घालून पाहिलं. पाचही मात्रा जुळल्या, पण वैताग पार मिळमिळीत झाला. (तुकोबांचं 'मोजुनि माराव्या पैजारा' मात्र कीर्तनातही चालतं!) मला ते फक्त शेवटी, एकदाच ठेवावंसं वाटतं, दर वेळी आलं की धार जाते.

अशा मिश्र प्रेक्षकांसमोर गाणाऱ्यांनी सांगा: निवेदनात आधी कल्पना दिली तर लोक सैलावतात, की त्या शब्दाचीच वाट बघत बसतात? त्या जागी नुसता ढोलकीचा ठोका कुणी वाजवून पाहिलाय का?